कातणारीचा हिशेब

जवळ एखादं सुती कापड असेल तर घ्या. जुनं धोतर, विरलेला पंचा, चादरीचा फाटका कोपरा, काहीही चालेल. फाटलेल्या कडेतून एक धागा ओढून काढा. वीतभर पुरे. त्याची दोन टोकं दोन हातांच्या चिमटीत धरा आणि एक टोक सावकाश उलट्या दिशेने फिरवत राहा. थोड्या वेळाने धागा सैल पडेल, फुगेल. मग किंचित ताणलात तर तो तुटणार नाही, नुसता सुटून येईल. चिमटीत उरेल तो कापूस. त्याला इतका वेळ धागा म्हणून धरून ठेवणारं दुसरं काही त्यात नव्हतं. फक्त पीळ होता.

हा पीळ कोणी घातला, एवढाच प्रश्न आज घेऊन बसू. घाई नाही.

हातातल्या कापडापुरतं उत्तर सोपं आहे, गिरणीने. पण मनाने जरा मागे जा, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात, वर्धा नदीच्या खोऱ्यात. एका काठाला नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, दुसऱ्या काठाला निजामाचं वऱ्हाड. काळी माती. हिंगणघाटचा 'बनी' कापूस तेव्हा लांब धाग्यासाठी नावाजलेला. एका घराच्या पडवीत दुपारची बाई बसली आहे. स्वयंपाक झाला, शेतात आज काम नाही, मूल झोपलंय. समोर चरखा.

तिच्या हातांकडे बघा. पिंजलेल्या कापसाचा बोटाएवढ्या जाडीचा पेळू डाव्या हातात, उजवा हात चाकावर. पेळूचं टोक चरख्याच्या चात्याला लागलं की डावा हात मागे जाऊ लागतो, आणि बोटांतून कापूस सुटत सुटत धागा होत जातो. हात खांद्यापर्यंत मागे गेला की ती क्षणभर थांबते. चाक फिरतंच असतं. हा थांबा महत्त्वाचा, कारण पीळ याच वेळात पुरता बसतो. मग हात खाली येतो, कातलेलं सूत चात्यावर गुंडाळलं जातं, आणि पुन्हा तेच. पीळ कमी पडला तर मागावर धागा तुटणार, जास्त झाला तर सुताला गाठी पडणार. हे तिला कुणी शाळेत शिकवलेलं नाही. आईच्या शेजारी बसून बोटांना कळलेलं आहे.

ही बाई कोण? इथे जरा रेंगाळू, कारण माझ्या मते सगळ्या गोष्टीचा गाभा इथेच आहे. ती कुणबीण असेल, कोष्टीण असेल, महारीण असेल, ब्राह्मणाघरची तरुण विधवा असेल. विणणाऱ्याला जात होती. साळी, कोष्टी, मोमीन, जाडंभरडं विणणारे महार. पिंजणाऱ्याला होती, रंगाऱ्याला होती. कातणारीला स्वतःची अशी जात नव्हती, कारण ती सगळ्याच जातींत होती. तिचं काम धंदा म्हणून धरलंच जात नसे. फावल्या वेळातलं, हातखर्चाचं, मिठामिरचीचं. पंचायत नाही, पेठ नाही, कुलदैवत नाही. त्यामुळे ते काम गेलं तेव्हा गाऱ्हाणं घेऊन उभं राहणारंही कुणी नव्हतं.

आणि काम थोडं नव्हतं. एक माग चालता ठेवायचा तर निदान चार चरख्यांचं सूत लागे. आपण विणकरांच्या दैन्याबद्दल बोलतो तेव्हा प्रत्येक विणकराच्या मागे या चौघी उभ्या करून बघा. चित्र बदलतं.

आता तिच्या दोन्ही बाजूंना बघा. तिच्या अलीकडे पिंजारी आहे. रेच्यावर सरकी निघालेला कापूस तो कमानीच्या तातेवर पिंजून देतो, त्याशिवाय पेळू वळता येत नाहीत. तिच्या पलीकडे आठवडी बाजार आहे, तिथे सूत विकत घेणारा कोष्टी किंवा व्यापारी येतो. कुठे कापूस देऊन बदल्यात सूत घ्यायची रीत. ती मधली. पुढे काय घडलं ते समजायला हे मधलं असणं लक्षात ठेवावं लागेल.

जुनं सगळं गोडच होतं असं मनात येऊ लागलं असेल तर तेही जरा आवरा. तिची मजुरी नगण्य होती. कोष्टी बहुधा सावकाराच्या वहीत होताच. महाराने विणलेलं कापड चालायचं, पण त्याच्या हातचं पाणी चालायचं नाही. ज्या व्यवस्थेचा आपण विचार करतो आहोत ती न्यायाची नव्हती. एवढंच की ती चालू होती, आणि तिच्यात या बाईच्या दुपारीला काही किंमत येत होती.

आता घटना. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारात गेलं. त्याच वर्षी तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि 1854 मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूर खालसा केलं. दरबार उठला. नागपूर, उमरेड, पवनी, भंडारा इथल्या रेशीमकाठी धोतरांना, पागोट्यांना, उपरण्यांना जे मोठं घर होतं ते बंद झालं. पेशवाई बुडाल्यावर पैठणीचं जे झालं तेच इथे पस्तीस-छत्तीस वर्षांनी. हा भाग इतिहासाच्या पुस्तकांत पुष्कळ आहे, त्यामुळे पुढे जाऊ.

कमी सांगितली जाते ती गोष्ट सुताची. लँकशायरचं सूत 1820 नंतर आपल्या बाजारांत यायला लागलं आणि हळूहळू आतल्या मुलखात शिरलं. ते बारीक होतं, एकसारखं होतं, स्वस्त होतं. कोष्ट्याच्या जागी स्वतःला बसवून बघा. खड्ड्याच्या मागावर पाय सोडून तुम्ही बसला आहात. ताण्याचे शेकडो धागे समोर ताणलेले. हातकताईच्या सुतात कुठे जाड, कुठे बारीक, कुठे पीळ हुकलेला, म्हणजे दिवसातून कितीदा तरी धागा तुटणार, माग थांबणार, सांधावं लागणार. आणि समोर व्यापारी असं सूत ठेवतो की जे तुटत नाही. तुम्ही काय कराल?

कोष्ट्याने तेच केलं. त्याने विलायती सूत घेतलं. इथे थांबा, कारण इथे मन चुकार होतं. कातणारीचं गिऱ्हाईक थेट कुणा इंग्रजाने पळवलं नाही. ते तिच्या गल्लीतल्या, ओळखीच्या माणसाने सोडलं, आणि त्याला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. तोही पोटासाठीच बसला होता. वासाहतिक सत्तेचं काम बरेचदा असं चालतं. निर्णय दूरच्या बंदरात होतो आणि घाव मात्र शेजाऱ्याच्या हातून बसतो. जाड सूत मात्र अजून तगून होतं. महारांच्या मागावर, खेड्यातल्या कामकरी माणसाच्या अंगावर जे टिकाऊ जाडंभरडं कापड होतं त्याला लँकशायरचं बारीक सूत परवडणारं नव्हतं आणि नकोही होतं. म्हणजे कातणारीची अर्धी दुपार अजून शाबूत होती.

मग 1861. अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस मँचेस्टरला पोहोचेना, आणि सगळ्या गिरण्यांनी तोंड इकडे वळवलं. मुंबईत पैसा लोटला, वऱ्हाडात शेतकऱ्याने चार दिवस रुपया पाहिला. चांदीच्या पैजणांच्या, लग्नांतल्या उधळपट्टीच्या गोष्टी तेव्हाच्या. 1865 मध्ये युद्ध संपलं आणि फुगा फुटला, हे आपण वाचलेलं असतं. पण भाव चढलेले असताना पडवीतल्या बाईचं काय? तिचा कच्चा मालच हाताबाहेर गेला. दारात पिकणारा कापूस मुंबईच्या दराने तोलला जाऊ लागला. तो विकला तर रोख पैसा, कातला तर आतबट्टा. कापसाच्या तेजीने कापसाच्या गावातला चरखा थांबवला, यात काही विरोधाभास नाही. साधा हिशेब आहे.

आता एका कागदापाशी बसू. 1868-69 चा अहवाल. लिहिणारा हॅरी रिव्हेट-कार्नॅक, मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा कॉटन कमिशनर. कापसाची प्रत सुधारावी, भेसळ थांबावी, गाठी वेळेवर बंदरात पोहोचाव्यात, हे त्याचं काम. वऱ्हाडातल्या एका कापसाच्या टापूबद्दल तो एक आशा व्यक्त करतो. आशय असा, की इथे रेल्वेचा फाटा आला तर विलायती कापड इतकं स्वस्तात आणता येईल की देशी कापड त्यापुढे टिकणार नाही. याचे दोन फायदे. आज जो कापूस इथेच सुतात खर्ची पडतो तो निर्यातीला मोकळा होईल, आणि कातण्या-विणण्यात गुंतलेली मोठी वस्ती शेतमजुरीला मिळेल.

हे पुन्हा एकदा मनात फिरवा. यात राग नाही, द्वेष नाही, गुप्त कट नाही. सरकारी अहवाल आहे, छापील आहे. एक कामसू अधिकारी आपल्या खात्याची प्रगती कशाने होईल ते मांडतो आहे. त्याला पडवीतली बाई दिसते. न दिसल्याचा आरोप त्याच्यावर करता येणार नाही. पण ती दिसते ती अडकून पडलेली मजूर म्हणून. तिची दुपार म्हणजे कापूस वेचायला न आलेले दोन हात.

आणि आशा फळाला आली. 1867 मध्येच रेल्वे नागपूरला पोहोचली होती. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला. 1870 मध्ये खामगावचा फाटा सुरू झाला आणि त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. कापसाच्या बाजारपेठेच्या एका गावासाठी काढलेल्या छोट्या फाट्याला व्हाइसरॉय कशाला, हा प्रश्न आता पडणार नाही. गाड्या गाठी घेऊन मुंबईकडे जात, येताना कापडाचे गठ्ठे आणत.

जाता जाता एक. इंग्रजांनी विणकरांचे अंगठे तोडले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे, भाषणांतून तर अजूनही ऐकतो. कागदावर जे सापडतं ते वेगळं आहे. बंगालमध्ये कंपनीच्या गुमास्त्यांच्या सक्तीतून सुटण्यासाठी रेशीम उकलणाऱ्यांनी स्वतःचेच अंगठे कापून घेतल्याचं विल्यम बोल्ट्सने 1772 च्या पुस्तकात लिहिलं. तेही भयंकरच आहे. पण दंतकथा आपल्याला जास्त सोयीची वाटते, कारण तिच्यात सुरी धरणारा हात दिसतो. वऱ्हाडात कुणाचाही अंगठा तोडावा लागला नाही. फाटा आला, दर उतरले, बास.

या सगळ्यात ज्ञानाचा वाटा किती होता तेही पाहू. 1866 मध्ये लंडनच्या इंडिया ऑफिसने एक विलक्षण ग्रंथ काढला. 18 खंड, त्यांत 700 नमुने. नमुने म्हणजे चित्रं नव्हेत, खऱ्या कापडाचे कापून चिकटवलेले तुकडे. पागोटी, लुगडी, धोतरं, मलमल. सोबत लांबी, रुंदी, वजन, गाव, किंमत. करणारा डॉ. जॉन फोर्ब्स वॉटसन, जो पूर्वी मुंबईच्या लष्करी वैद्यकीय खात्यात होता. असे 20 संच केले. 13 ब्रिटनसाठी, 7 हिंदुस्थानसाठी. हेतू लपवलेला नव्हता. इथली माणसं काय नेसतात, काठ केवढा, पदर कसा, हे तिथल्या कारखानदाराला प्रवास न करता कळावं. असा एखादा खंड तुमच्यापुढे उघडला आहे असं समजा. पान उलटलं की बोटाखाली कुणाच्या तरी लुगड्याचा काठ लागतो. इतक्या जिव्हाळ्याने आपल्या कापडाची नोंद आपणही कधी केली नव्हती. हे मान्य करायला मला जड जातं, पण खरं आहे. आणि त्या नोंदीत विणणाऱ्याचं गाव आहे, कातणारीचं काहीच नाही. तसं रकानाच नाही.

जकातीचा इतिहास लांबलचक आहे, दोन ओळींत उरकतो. 1721 मध्ये इंग्लंडने इथलं छापील सुती कापड वापरायलाच बंदी केली होती. 1882 मध्ये विलायती कापडावरची इथली आयात जकात मात्र पुरती उठवली. तिजोरीच्या ओढीने ती 1894 मध्ये परत आली, तर मँचेस्टरच्या दबावाखाली 1896 मध्ये ती साडेतीन टक्क्यांवर आणून तेवढाच कर इथल्या गिरण्यांच्या कापडावरही बसवला. तो 1925 पर्यंत राहिला.

इथल्या गिरण्या म्हटल्यावर मात्र परत सावकाश चालायला हवं. मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये कंपनी काढली. नागपुरात जमशेटजी टाटांनी एम्प्रेस मिल उभारली आणि तिचं उद्घाटन 1 जानेवारी 1877 ला झालं. व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही दिल्लीत फिरली तोच दिवस. त्याच दिल्ली दरबारात पुण्याचे सार्वजनिक काका हातकताईच्या खादीत उभे होते. एकाच दिवसाची ही दोन टोकं मनात जवळजवळ ठेवा, आणि कुठलं देशी ते लगेच ठरवू नका. एम्प्रेस मिलचं भांडवल देशी, कापूस देशी, कामगार देशी. पण तिचं जाड सूत थेट त्या बाईच्या उरलेल्या अर्ध्या दुपारीवर आलं, जिथे लँकशायरचं बारीक सूत पोहोचलं नव्हतं. आपल्याकडे गिरणीच्या उदयाची कथा अभिमानाची आणि हातकामाच्या अस्ताची कथा दुःखाची, अशा दोन वेगळ्या पुस्तकांत लिहिली जाते. घडल्या त्या एकाच गावात. त्या गिरणीच्या जागेवर आज मॉल आहे, तिचं नाव तेवढं टिकून आहे.

माग सुटलेले महार विणकर त्या गिरण्यांत गेले. मुंबईच्या गिरण्यांत त्यांना कताई खात्यात घेत. विणाई खात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे नाही. कारण सांगितलं जाई ते असं, की कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढावा लागतो, आणि अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा बाकीचे लावणार नाहीत. 1928 च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न पुढे आणला. पिढ्यान्‌पिढ्या कापड विणणाऱ्या जातीला विणाई खात्याचा दरवाजा बंद. हे परक्या सत्तेने केलेलं नव्हतं. तेही याच मननात धरायचं, बाजूला ठेवायचं नाही.

विणकर मात्र संपला नाही, हेही तितकंच खरं. 1857 नंतर उत्तरेतून निघालेले मोमीन विणकर मालेगाव-भिवंडीत स्थिरावले, तेलंगणातले पद्मशाली सोलापुरात आले. 1930 च्या सुमारासही देशातल्या कापडाचा साधारण चौथा हिस्सा हातमागाचाच होता. कारण गिरणीचं सूत घेऊन तो जगू शकत होता. सुतासाठी व्यापाऱ्याचा मिंधा झाला, दुष्काळ पडला की लोक आधी कापड घ्यायचं थांबवत म्हणून पहिला फटका त्याला बसे, तरी माग चालू राहिला. त्याच्या मागच्या चौघींना असा दुसरा मार्ग नव्हता. सूतच बाहेरून येऊ लागल्यावर कातणारीने काय करायचं?

किती पुसलं गेलं होतं ते गांधींच्या शोधावरून कळतं. 'हिंद स्वराज'मध्ये चरख्याबद्दल लिहिलं तेव्हा आपण चरखा पाहिलाही नव्हता, असं त्यांनी आत्मकथेत सांगितलं आहे. पुढे गुजरातेत गंगाबेन मजमुदार यांनी बराच शोध केला, तेव्हा बडोदा संस्थानातल्या विजापूर गावी चरखे सापडले, माळ्यावर टाकलेले. बायका कातायला तयार होत्या. अट दोनच. कुणीतरी पेळू पुरवावेत, आणि कातलेलं सूत कुणीतरी विकत घ्यावं.

ही अट सावकाश वाचा. कसब गेलेलं नव्हतं. बोटांना पीळ आठवत होता, चरखा घरात होता. गेले होते ते तिच्या अलीकडचा पिंजारी आणि पलीकडचं गिऱ्हाईक. दोन्ही शेजार उठले की मधली बाई रिकामी बसते, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हिला काही येत नाही. पुढे पिंजारी सापडला, त्याने महिन्याला 35 रुपये मागितले, आणि ते गांधींना त्या वेळी जास्त वाटले नाहीत.

1930 च्या दशकात गांधी वर्ध्याला आले आणि मग शेगावला, म्हणजे सेवाग्रामला. रिव्हेट-कार्नॅकच्याच कार्यक्षेत्रात, हिंगणघाटच्याच जिल्ह्यात. इथे त्यांनी 1935 मध्ये खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघापुढे एक प्रश्न टाकला आणि आपल्याच माणसांना अडचणीत आणलं. खादी स्वस्त व्हावी म्हणून आपण कातणारीला जे देतो त्यात तिचं पोट भरतं का? आठ तासांच्या कताईला आठ आणे मिळावेत असं त्यांचं म्हणणं होतं. संघाने ठरवलेला दर त्याहून पुष्कळ कमी होता. पण निदान पोटापुरती मजुरी हे तत्त्व म्हणून मान्य झालं आणि दर वाढवले गेले. कताईचा तास मोजून त्याला पोटाशी जोडणारा हिशेब मांडला गेला तो तेव्हा.

अडचण लगेच पुढे आली. दर वाढले की खादी महागणार, महागली की खपणार नाही, खपली नाही तर कातणारीचं काम जाणार. खादीवाल्यांनी हे बोलून दाखवलं आणि त्यात खोटं काही नव्हतं. 1936 मधल्या वर्ध्याच्या एखाद्या खादी भांडारात स्वतःला उभं करा. समोर महागलेलं धोतर. चार दुकानं पुढे गिरणीचं, तेही आता देशी गिरणीचं, याच्या निम्म्या किमतीत. घरी महिनाअखेर आहे. खिशात हात घाला आणि कुठल्या दुकानाकडे पाय वळतो ते बघा.